चाकणहून चौलला

कोकण किनाऱ्यावरील जुन्या बंदरांचा इतिहास दोन ठिकाणी विभागलेला असतो. गलबते जेथे नांगर टाकत त्या खाडीच्या मुखाशी त्याचा एक भाग सापडतो आणि दुसरा भाग सह्याद्रीच्या पलीकडे, त्या गलबतांतला माल जेथून येई आणि जेथे जाई त्या देशावरच्या बाजारपेठांत आणि लष्करी ठाण्यांत शोधावा लागतो. पर्यटक बहुधा पहिलाच भाग पाहतो. पुळण, नारळी-पोफळीच्या वाड्या, पडका तट आणि मावळता सूर्य एवढे पाहून तो परत फिरतो, आणि एवढ्या चिंचोळ्या, भातशेतीपुरत्या पट्टीवर एवढे मोठे नगर कशाच्या बळावर उभे राहिले असेल हा प्रश्न त्याला पडतच नाही. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील चौल आणि त्याला लागून असलेले रेवदंडा यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. सुमारे सोळाशे वर्षे ज्याचे नाव ग्रीक, अरब, इराणी, रशियन आणि पोर्तुगीज लोकांच्या लेखनात येत राहिले, ते हे बंदर घाटमाथ्यावरून खाली उतरून पाहिले तरच नीट उलगडते, आणि त्यासाठी पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्याइतके उचित प्रस्थानाचे ठिकाण दुसरे नाही.

हा पट्टा आज कारखान्यांसाठी ओळखला जातो. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीची, वसाहत आली, टेल्को आणि बजाज यांच्यामागे सुटे भाग पुरवणारी असंख्य लहानमोठी युनिटे आली, आणि पुढे जागा अपुरी पडू लागल्यावर उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. येथे जुळणी होऊन तयार झालेल्या गाड्यांपैकी परदेशी जाणाऱ्या गाड्या दुमजली ट्रेलरवर चढवून घाटाखाली मुंबई बंदरात नेल्या जातात आणि कंटेनरमध्ये भरलेला माल १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातो. ही वाहतूक आधुनिक असली तरी ती ज्या वाटेने वाहते ती वाट फार जुनी आहे.

चाकणच्या गावठाणात, बाजारपेठेच्या गजबजाटाला लागूनच, संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. भुईकोट म्हणजे डोंगराचा आधार न घेता सपाट जमिनीवर तट, बुरूज आणि खंदक यांच्या भरवशावर बांधलेला किल्ला. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध हा किल्ला सुमारे दोन महिने लढवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो मोगलांच्या हाती गेला, ही हकीकत महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या लढ्याच्या तेजात चाकणचा त्याआधीचा, कोकणाशी जोडलेला इतिहास मात्र झाकला गेला आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सुलतानांनी कोकण जिंकण्याची जी मोहीम काढली तिचे मुख्य ठाणे चाकण होते आणि तिचा सेनापती होता खलफ हसन बसरी. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. अहमदशहा बहमनीला १४२२ मध्ये गादी मिळवून देण्यात त्याने हातभार लावला आणि त्याबद्दल त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, असा किताब मिळाला. एका व्यापाऱ्याला सेनापती करून कोकणात पाठवले जाते, याचा अर्थ त्या मोहिमेचे लक्ष्य केवळ डोंगरी किल्ले नव्हते. किनाऱ्यावरची बंदरे आणि त्यांच्याकडे उतरणाऱ्या वाटा हेही होते, असे मानण्यास जागा आहे. फरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांताप्रमाणे शिर्के घराण्याच्या सरदाराने या फौजेला वाट दाखवण्याच्या मिषाने दाट अरण्यात नेले आणि तेथे तिचा संहार झाला; जे वाचून चाकणला परतले त्यांच्यातील परदेशी सैनिकांची दरबारातील दख्खनी गटाच्या चिथावणीवरून पुढे चाकणलाच कत्तल झाली.

चाकणहून तळेगावमार्गे निघालेला प्रवासी थोड्याच वेळात इंद्रायणीच्या खोऱ्यात शिरतो आणि या खोऱ्यातून बंदरांकडे जाणारी वाट किती प्राचीन आहे याची साक्ष त्याला उजव्या आणि डाव्या हातांच्या डोंगरांत कोरलेली दिसते. कार्ले, भाजे आणि पवनेच्या खोऱ्यातील बेडसे ही बौद्ध लेणी व्यापारी मार्गालगत आहेत हा योगायोग नव्हे, कारण ती व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दानातून उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेल्या कमानदार छताच्या दालनातील, खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनांबरोबर सोपारा या बंदराच्या एका दात्याचेही नाव आहे. मध्ययुगातही हा संबंध तुटला नाही. चिंचवडच्या देवांना, म्हणजे मोरया गोसावींच्या गादीवरील सत्पुरुषांना, कोकणातील बाजारांतून तांदूळ, मीठ असे जिन्नस बाजारभावापेक्षा कमी दराने विकत घेण्याची सवलत पूर्वीच्या राजवटींपासून होती. तिचा भार रयतेवर पडतो हे पाहून शिवाजी महाराजांनी ती बंद केली आणि देवस्थानाची गरज सरकारी कोठारातून भागवण्याची व्यवस्था लावून दिली. मीठ ही देशावर न होणारी आणि प्रत्येक घराला लागणारी वस्तू असल्यामुळे घाटवाटा राजकारणाच्या धामधुमीतही फार काळ ओस पडत नसत, आणि वंजाऱ्यांचे व लमाणांचे लदलेल्या बैलांचे तांडे त्या वाटांवरून वर्षाचे आठ महिने ये-जा करीत.

बोरघाटातून गाड्यांसाठी रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली. त्याआधी बोरघाट ही अनेक वाटांपैकी एक वाट होती. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यावरून उतरणारी वाट तितकीच महत्त्वाची होती, आणि ती किती अवघड होती हे १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाला कळून चुकले. शायिस्ताखानाने कोकण काबीज करण्यासाठी पाठवलेला हा सरदार चिंचवड-तळेगावच्या बाजूने येऊन कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या झाडीत शिवाजी महाराजांच्या फौजेने त्याला दोन्ही तोंडांनी कोंडले. शस्त्रे, खजिना आणि सामान तेथेच टाकून त्याला जीव वाचवावा लागला. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशाने द्रुतगती महामार्गाच्या बोगद्यांतून सुसाट खाली न जाता खोपोलीहून पालीचा रस्ता धरावा आणि चावणी गावाजवळच्या या खिंडीपाशी थोडे थांबावे. अंबा नदीचे पात्र, दोन्ही अंगांनी जवळ आलेले डोंगर आणि मधली अरुंद वाट पाहिली म्हणजे घाट ताब्यात असणे म्हणजे काय हे नकाशापेक्षा अधिक स्पष्ट होते. घाट ज्याच्या हातात, त्याच्या परवानगीवाचून बंदरातला माल देशावर चढत नसे, आणि म्हणूनच या मार्गांवर लोहगड, विसापूर, सरसगड, सुधागड अशी किल्ल्यांची राखण बसवलेली आढळते.

पालीला येणारे बहुसंख्य लोक बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येतात, कारण ते अष्टविनायकांपैकी एक स्थान आहे. चौलच्या प्रवाशासाठी पालीचे आणखी एक महत्त्व आहे. अफनासी निकितीन हा त्वेर नगराचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून निघालेल्या जहाजाने मस्कत, गुजरात आणि खंबायत करीत चौलला उतरला आणि तेथून पालीमार्गे जुन्नरला गेला. आपल्या प्रवासाच्या टिपणांत, जी पुढे तीन समुद्रांपलीकडचा प्रवास या नावाने प्रसिद्ध झाली, त्याने चौल ते पाली हे अंतर आठ दिवसांचे असल्याचे लिहिले आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे पाव शतक आधी हा मनुष्य महाराष्ट्राच्या भूमीवर पायी हिंडत होता. चौलला त्याने सर्वप्रथम जे टिपले ते लोकांचा पेहराव: उघडे अंग, उघडे डोके, केसांची एकच वेणी, आणि एवढा गोरा माणूस कधी न पाहिल्यामुळे त्याच्यामागे जमणारी गर्दी.

निकितीनबरोबर विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता, आणि या घोड्यातच चौलच्या व्यापाराचे मर्म आहे. दख्खनच्या हवामानात लढाऊ जातीच्या घोड्यांची पैदास समाधानकारक होत नसे; बहमनी, विजयनगर आणि पुढे निजामशाही, आदिलशाही या सर्व सत्तांचे घोडदळ अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर अवलंबून होते. त्यामुळे ज्या बंदरात घोडे उतरत त्या बंदराचे मोल राजधानीइतके मोठे होते. घोडे चौलला उतरत आणि पाली, घाट, जुन्नर या वाटेने बीदरकडे जात. या घोड्यांना चणे-वाटाणे आणि साखर व तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, हेही निकितीनने आवर्जून नोंदवले आहे. त्याचा स्वतःचा घोडा जुन्नरला पोहोचेपर्यंत त्याला शंभर रूबल खर्च आला होता, आणि तेथील अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार सुवर्णनाणी मिळतील, नाहीतर घोडा जाईल आणि हजार नाणी दंडही भरावा लागेल, अशी अट घालून त्याने चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून निकितीनचा धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. हा असदखान ज्याच्या हाताखाली होता तोही मलिक-उत्-तुज्जार हाच किताब धारण करणारा होता: गिलानहून व्यापारी म्हणून आलेला आणि बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान. चाकण हे कोकणच्या मोहिमेचे ठाणे, जुन्नर हे सुभ्याचे नगर, चौल हे बंदर, आणि या साऱ्यावर व्यापाऱ्यांमधून वर आलेल्या अधिकाऱ्याचा अंमल, अशी ही साखळी होती. आज पुणे-नाशिक महामार्गाने गेल्यास चाकण आणि जुन्नर यांच्यात साठेक किलोमीटरचेच अंतर आहे. त्या काळी वाहने, म्हणजे घोडे, बंदरातून घाट चढून या मुलखात येत आणि आज वाहने या मुलखात घडून घाट उतरून बंदरात जातात. बदल झाला आहे तो प्रवाहाच्या दिशेत. रेवदंड्याला निकितीनच्या स्मरणार्थ २००२ मध्ये एक स्तंभ उभारण्यात आला आहे. बीदरच्या दरबाराइतकीच जुन्नरच्या पावसाची आणि चिखलाची नोंद करणाऱ्या या प्रवाशाची आठवण खरे तर घाटमाथ्यावरही कोठेतरी असायला हवी.

पालीहून वाकण, नागोठणे, पोयनाडवरून अलिबाग आणि तेथून दक्षिणेला चौल असा रस्ता जातो. चाकणपासूनचे एकूण अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक भरते. अलिबाग सोडल्यावर लागणाऱ्या आक्षी गावात रस्त्यालगत एक शिलालेख आहे. शिलाहार राजवटीतील या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा अनेक अभ्यासक मानतात. या वाचनाविषयी मतभेद असले तरी मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांच्या चर्चेत त्याला स्थान आहे. एवढा मोलाचा दगड वाटसरूंच्या नजरेतून सहज निसटतो, ही खेदाची गोष्ट होय. चौलच्या प्राचीनतेचे पुरावे मात्र याहीपेक्षा कितीतरी मागे जातात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्रमार्गदर्शक ग्रंथात कल्याणच्या खालोखाल सेमिल्ला या बंदराचे नाव येते, भूगोलकार टॉलेमीने दुसऱ्या शतकात त्याचा उल्लेख केला, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत चेमुल येथील दात्यांची नावे आढळतात. अरब लेखकांनी सैमूर म्हणून वर्णिलेले शहर हेच, असे सर्वसाधारणपणे मान्य आहे. दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे आलेला अल-मसूदी लिहितो, की सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान या शहरात राहत होते. त्यांत बयासिरा, म्हणजे मुसलमान आईबापांपोटी हिंदुस्थानातच जन्मलेले लोकही होते, आणि त्यांचे तंटे सोडवण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एकाला हुनरमन या पदावर नेमलेले होते. शिलाहारांच्या मांडलिक राज्यात, राष्ट्रकूटांच्या छत्राखाली, परदेशी व्यापाऱ्यांना स्वतःचा न्याय स्वतः करण्याची ही मुभा होती. बंदर चालवायचे तर परक्यांना निर्धास्त वाटले पाहिजे, हे येथील राज्यकर्त्यांना नीट उमगले होते.

आजचे चौल हे वाड्यांचे गाव आहे. येथे वाडी म्हणजे वस्ती नव्हे, तर नारळ, पोफळी, केळी आणि मिरवेल यांची एकत्र लागवड केलेली, विहिरीच्या पाण्यावर पोसलेली बाग होय. या वाड्यांच्या गर्द सावलीत जुने नगर शब्दशः जमिनीखाली गेले आहे. राजकोटाचे अवशेष, हमामखाना, पडके वाडे आणि मशिदी शोधाव्या लागतात. नगराच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आणि हिंगलाज देवीचे स्थान आहे, तर दुसऱ्या टेकडीवर दत्ताचे देऊळ. सर्वांत निवांतपणे पाहण्यासारखे आहे ते रामेश्वराचे मंदिर. समोर पुष्करणी, म्हणजे चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांनी बांधलेले तळे, आणि मंडपात फरशीखाली झाकलेली कुंडे आहेत, ज्यांपैकी पर्जन्यकुंड अवर्षणाच्या वर्षी पावसासाठी विधिपूर्वक उघडण्याची प्रथा आहे. या कुंडावरच्या शिळेपाशी उभे राहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते, की परदेशी व्यापाराच्या एवढ्या उलाढाली या गावाने पाहिल्या, पण गावाच्या जिवाचा घोर शेवटी पावसाच्या पाण्याचाच राहिला. समुद्राकाठच्या गावाला गोड्या पाण्याची चिंता वाटावी यात नवल काहीच नाही. गलबतांनाही परतीच्या प्रवासासाठी याच विहिरींचे पाणी भरून न्यावे लागे.

चौलहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता कोटाच्या वेशीतून आत शिरतो आणि प्रवासी पोर्तुगिजांच्या नगरात येतो. येथे एकेकाळी दोन चौले होती: आतल्या बाजूचे निजामशाही चौल, जेथे विणकर, सराफ आणि देशावरचे व्यापारी राहत, आणि खाडीच्या मुखाशी असलेले पोर्तुगीज चौल, म्हणजे आजचे रेवदंडा. पोर्तुगिजांचा या खाडीशी पहिला मोठा संबंध आला तो पराभवाच्या निमित्ताने. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली येथे आले, त्याला दीवच्या मलिक अयाझची साथ मिळाली, आणि खाडीत अडकलेल्या पोर्तुगीज ताफ्याचा प्रमुख लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्याचे जहाज निघून जाण्याच्या प्रयत्नात मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खुंटांत अडकले, हलेना, आणि तोफांच्या माऱ्याखाली सापडले. पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातील व्हाइसरॉयचा एकुलता मुलगा कोळ्यांच्या खुंटांपाशी असा गुंतून पडला, हा तपशील पोर्तुगीज इतिहासांत दुःखाने नोंदवलेला आहे. आजही कोकणच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी असे खुंट पाण्याबाहेर दिसतात. डोल जाळे, म्हणजे प्रवाहात पिशवीसारखे तोंड उघडे ठेवून बांधलेले जाळे, या खुंटांना बांधले जाते आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप त्यात शिरते. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभे असता त्या लढाईचे स्वरूप समजण्यास हे खुंट जेवढे उपयोगी पडतात तेवढे कोणतेही चित्र पडणार नाही.

पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगिजांनी या पराभवाचा वचपा काढला आणि समुद्रावर त्यांची सत्ता बसली. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात त्यांना चौलला आधी वखार आणि मग १५२१ मध्ये किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. निजामशहाला घोडे हवे होते आणि समुद्रावरून घोडे आणणे आता पोर्तुगिजांच्या मर्जीवर अवलंबून होते, हे या परवानगीमागचे उघड कारण. कार्ताझ नावाचा परवाना घेतल्याशिवाय कोणत्याही जहाजाला पश्चिम समुद्रात फिरता येऊ नये असा त्यांचा आग्रह होता, आणि परवाना नसलेले जहाज ते पकडून नेत. ज्यांच्या पूर्वजांनी सैमूरच्या परदेशी व्यापाऱ्यांना स्वतःचा न्याय करू दिला त्यांच्याच किनाऱ्यावर आता परक्यांकडून परवाना घेऊन वावरण्याची वेळ आली, हा चौलच्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट म्हणावा लागेल. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने विजापूरच्या आदिलशहाशी संगनमत करून चौलला वेढा घातला, त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला, पण महिनोन्‌महिने तोफा डागूनही १५७१ मध्ये वेढा उठवावा लागला. देशावरची अफाट फौज जमिनीकडून कोंडी करू शकत होती. समुद्राकडून येणारी रसद ती तोडू शकत नव्हती. घाट ज्याचा त्याचे बंदर, हा जुना नियम येथे पहिल्यांदा खोटा ठरला.

रेवदंड्याचा तट फिरून पाहण्यास अर्धा दिवस तरी राखून ठेवावा. समुद्राच्या बाजूने ओहोटीच्या वेळी तटाच्या पायथ्याशी चालत जाता येते आणि काळ्या दगडावर लाटांनी केलेली झीज जवळून पाहता येते. आतील चर्चे आणि मठ यांच्या भिंतींतून वड-पिंपळ वर आले आहेत. एका फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा, ज्याला लोक सातखणी म्हणतात, वरचे मजले ढासळूनही अजून उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. झाडांच्या मुळांनी आज जे दगड धरून ठेवले आहेत तेच ती मुळे उद्या पाडणार आहेत. हा अवशेष वाचवायचा असेल तर झाडे तोडण्याआधी भिंतींना आधार देणारे जाणकार हात हवेत आणि ते लवकर हवेत. गावातील लोक कोटाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या वाड्या करून राहत आहेत, त्यामुळे येथे इतिहास आणि राहते घर यांच्यात कुंपण नाही. पर्यटकाने कोणाच्याही वाडीत शिरण्यापूर्वी घरच्या माणसाला विचारावे. विचारले की बहुधा वाटही दाखवली जाते, हा या भागाचा लौकिक आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी चौलच्या रेशमी कापडाची फार वाखाणणी केली आहे. रेशीम चीनकडून समुद्रमार्गे येई, विणकर येथले, आणि कापड गोव्यापासून इराणी आखातापर्यंत जाई. हे वैभव ओसरण्याची कारणे अनेक होती आणि ती एकाच वेळी आली नाहीत. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि ज्या दरबारासाठी हा व्यापार चालत असे तो दरबारच उरला नाही. मोगलांचा व्यापार सुरतेकडे वळला. खाडीला मिळणाऱ्या कुंडलिका नदीच्या गाळाने तिचे मुख उथळ होत गेले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी रेवदंड्याला वेढा घातला आणि त्या काळच्या सततच्या लढायांत कारागिरांना स्वस्थता उरली नाही. इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या मुंबईने मात्र चौलच्या विणकरांना बोलावून घेतले आणि ते तेथे जाऊन वसले. मुंबईच्या कापड उद्योगाची कहाणी गिरण्यांपासून सुरू करण्याची प्रथा आहे, पण तिच्या आरंभी चौलचे हे हातमाग आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर उत्तरेतील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला आणि १७४० च्या तहाने चौल आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आले. तोवर हे बंदर घेण्यासारखे फारसे उरले नव्हते.

रेवदंड्याहून साळावकडे जाणारा पूल कुंडलिका ओलांडतो. या पुलावरून जाताना पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशाने एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. मुळा नदीवर मुळशी येथे टाटा कंपनीने बांधलेल्या धरणाचे पाणी १९२७ पासून बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात भिरा येथील वीजगृहात सोडले जाते आणि वीज निर्माण करून ते कुंडलिकेला मिळते. पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी जी मुळा निसर्गतः भीमेतून पूर्वसमुद्राला जायची, तिचे काही पाणी अशा रीतीने चौलच्या खाडीतून पश्चिम समुद्राला मिळते. या धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून केलेला सत्याग्रह हा धरणग्रस्तांच्या लढ्यांचा आद्य अध्याय मानला जातो. पुलाच्या पलीकडे साळावला स्पंज आयर्न, म्हणजे लोहखनिज न वितळवता त्यातील प्राणवायू काढून तयार केलेले सच्छिद्र लोखंड, बनवणारा कारखाना आणि त्याचा धक्का आहे, त्यामुळे या खाडीत आजही मालाची नौका शिरते.

पुढे कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर बसलेला आहे. निजामशहाने १५९२ च्या सुमारास पोर्तुगिजांवर वचक ठेवण्यासाठी तो बांधावयास घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो जिंकून घेतला. अरुंद कण्यावर एकामागून एक दरवाजे रचलेले असल्यामुळे वर जाताना प्रत्येक दरवाजाशी नव्याने लढावे लागेल अशी त्याची रचना आहे. उत्तरेकडच्या टोकाला उभे राहिल्यावर खाडीचे तोंड किती निमुळते आहे आणि दोन्ही काठांवर तोफा असल्यावर तेथून परवानगीवाचून जहाज नेणे का अशक्य होते, हे तत्काळ पटते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कोर्लई गावातील कॅथलिक समाज पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली आजही घरात बोलतो. पोर्तुगीज सत्ता येथून गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली आणि गोव्याशी या गावाचा नित्याचा संबंध राहिला नाही, तरीही शेती आणि मासेमारी करणाऱ्या या छोट्या समाजाने चर्च आणि घर या दोन जागी ती बोली सांभाळली आहे. भाषाशास्त्रज्ञांनी तिचे व्याकरण नोंदवले आहे, मुले शाळेत मराठी शिकतात आणि बाजारात मराठी बोलतात. तटाचे दगड पाहून परत फिरणाऱ्या पर्यटकाला चौलच्या दीर्घ इतिहासाचा हा जिवंत भाग भेटत नाही, म्हणून किल्ल्यावरून उतरल्यावर गावात शिरावे, कोणाचे घरकाम वा जाळ्याची दुरुस्ती अडवू नये, आणि बोलणे निघाले तर ऐकावे.